'यू'ला सोडून उभा राहणारा 'क्यू' : काही लहान इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ

स्क्रॅबल हा बोर्डावर अक्षरांच्या टाइल्स लावून शब्द जुळवण्याचा खेळ शिकू लागलेल्या एका खेळाडूने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ज्या लहान इंग्रजी शब्दांत क्यू हे अक्षर असते, पण त्याच्यामागे यू नसतो, असे चाळीसेक शब्द त्यांनी यादीवरून पाठ केले. आठवड्याभरात त्यांतले निम्मे विसरले आणि उरलेल्यांच्या स्पेलिंगचा घोळ होऊ लागला. खेळाच्या नियमांत शब्दाचा अर्थ कोणी विचारत नाही, तर मग अर्थ शिकण्यात वेळ घालवावा का, आणि घालवायचा असेल तर या विचित्र शब्दांचे अर्थ तरी काय, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे. हा खेळ मी अनेक वर्षे खेळत आणि शिकवत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर स्पष्ट आहे: अर्थ जरूर शिकावा, आणि अर्थाबरोबरच तो शब्द इंग्रजीत कोणत्या वाटेने आला हेही शिकावे, कारण या शब्दांचे चमत्कारिक स्पेलिंग हा त्या वाटेचाच ठसा असतो.

पुढे मी प्रत्येक शब्दाची अक्षरे सुटी करून, म्हणजे क्यू-आय अशी, लिहिणार आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वापरली जाणारी कॉलिन्सची शब्दयादी मी प्रमाण धरली आहे. उत्तर अमेरिकेतील स्पर्धांची यादी वेगळी आणि थोडी लहान आहे, म्हणून तेथील नियमांनी खेळणाऱ्यांनी प्रत्येक शब्द त्या यादीत एकदा पाहून घ्यावा.

आधी क्यूच्या मागे यू का लागतो ते पाहू. फिनिशियन लिपीतल्या ज्या अक्षरापासून क्यू निघाला, ते घशाच्या अगदी मागच्या भागातून उच्चारल्या जाणाऱ्या 'क'साठी होते. ग्रीकांच्या भाषेत तसा ध्वनी नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडे हे अक्षर लेखनातून गळाले आणि पुढे केवळ ९० या संख्येचे चिन्ह म्हणून टिकले. रोमनांकडे मात्र 'क' या एकाच ध्वनीसाठी तीन अक्षरे जमा झाली. त्यांनी हळूहळू क्यूला 'क्व' या जोडध्वनीपुरते बांधून टाकले आणि तेथेच त्याची यूशी गाठ पडली. जुन्या इंग्रजीत तर क्यूचा वापर जवळजवळ नव्हताच, आज क्यूने लिहिला जाणारा राणी या अर्थाचा 'क्वीन' तेव्हा सी-डब्ल्यू-ई-एन असा लिहिला जाई. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी सी-डब्ल्यूच्या जागी क्यू-यू लिहिण्यास सुरुवात केली आणि पुढच्या काळात तोच रिवाज झाला. क्यूच्या मागे यू हवाच, हा नियम इंग्रजी भाषेच्या ध्वनींतून आलेला नाही, तो लेखनिकांच्या सवयीतून आलेला आहे. त्यामुळे ज्या शब्दांचे लेखन त्या लेखनिकांच्या हातून झालेच नाही, त्यांना तो लागू होण्याचे कारणही नाही.

असे शब्द इंग्रजीत मुख्यतः अरबी, हिब्रू आणि चिनी या भाषांतून आले. अरबीत 'काफ' नावाची दोन वेगळी अक्षरे आपल्याला ऐकू येतात. त्यांतले एक किताबमधल्या साध्या 'क'चे आहे आणि दुसरे कलममधल्या, पडजिभेजवळून निघणाऱ्या 'क'चे. मराठीने हा भेद ठेवला नाही, हिंदीच्या काटेकोर लेखनात तो क खाली नुक्ता देऊन दाखवतात. युरोपातल्या अभ्यासकांना अरबी ग्रंथ रोमन लिपीत उतरवायचे होते, तेव्हा साध्या 'क'साठी त्यांनी के वापरला आणि या खोल 'क'साठी क्यू मोकळा होता तो घेतला.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे, कारण माझ्या मते सगळ्या यादीची किल्ली येथे आहे. हा खोल 'क' असलेले अरबी शब्द इंग्रजीत त्याआधीही शेकडो वर्षे येत होते. कापसाला इंग्रजीत जे 'कॉटन' म्हणतात ते अरबी 'कुत्न'वरून आले आहे, गडद लाल रंगाचा 'क्रिमझन' हा 'किर्मिझ'वरून, कॉफी ही 'कहवा'वरून, आणि 'कँडी' हा शब्द 'कंद'वरून आलेला असून तो त्याआधी संस्कृत 'खंड'पासून, म्हणजे आपल्या खांडसाखरेतल्या खांडेपासून, निघालेला आहे. अरबीत या सगळ्यांचा 'क' खोल आहे, पण इंग्रजीत एकातही क्यू नाही. कारण हे शब्द व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या तोंडून, इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, तुर्की असे टप्पे घेत आले आणि प्रत्येक टप्प्यावर ऐकू आले तसे लिहिले गेले. उलट न्यायव्यवस्था, धर्मशास्त्र, पाणीपुरवठा, संगीत यांविषयीचे शब्द प्रवासवर्णनकारांच्या आणि पंडितांच्या लेखणीतून आले, आणि लेखणीने क्यू जपला. शब्द जिभेवरून आला असेल तर क्यू गळतो आणि कागदावरून आला असेल तर टिकतो, एवढी खूणगाठ बांधली की यादीतले निम्मे शब्द आपोआप ओळखीचे वाटू लागतात. अनेक शब्द दोन्ही वाटांनी आले, म्हणून यादीत त्यांची दोन-तीन स्पेलिंगे सापडतात, तेही यामुळेच.

सर्वांत लहान अरबी शब्दापासून सुरुवात करतो. क्यू-ए-टी म्हणजे येमेन आणि पूर्व आफ्रिकेत ज्याची कोवळी पाने तरतरीसाठी चघळली जातात ते सदाहरित झुडूप. त्याचे 'कॅथा एड्युलिस' हे शास्त्रीय नाव पेहर फोर्स्कोल या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाच्या नोंदींवरून आले. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या अरबस्तान मोहिमेत तो होता आणि १७६३ साली येमेनमध्येच त्याचा मृत्यू झाला. हाच शब्द के-ए-टी आणि के-एच-ए-टी असाही चालतो. के हातात असेल तेव्हा ही जोडी आठवावी, क्यू असेल तेव्हा क्यू-ए-टी.

त्यानंतर माझी सर्वांत आवडती जोडी. क्यू-ए-डी-आय आणि क्यू-ए-आय-डी. चार टाइल्स त्याच, केवळ शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल, आणि दोन्ही शब्द ग्राह्य. पाठांतराने शिकणाऱ्याला नेमका येथेच घोळ होतो, पण अर्थ कळला की तो होण्याचे कारण उरत नाही. क्यू-ए-डी-आय म्हणजे काझी. ज्या अरबी अक्षराचा उच्चार फारसीने 'झ' केला आणि आपण फारसीकडून घेतला, त्याच अक्षराला इंग्रजी अभ्यासकांनी अरबीच्या जवळ राहून डी लिहिले. काझी हा शब्द 'निर्णय देणे' या धातूवरून आला आहे. क्यू-ए-आय-डी म्हणजे 'काइद', नेता किंवा प्रमुख. उत्तर आफ्रिकेत गावाच्या किंवा टोळीच्या अधिकाऱ्याला हा शब्द वापरत, आणि 'काइदे आझम' या पदवीतला पहिला शब्दही हाच. तोंडाने सावकाश 'का-झी' म्हणावे, 'झी'च्या जागी डी-आय येते, मग 'का-इद' म्हणावे, 'इद'च्या जागी आय-डी येते. मराठी उच्चारच स्पेलिंग सांगतो. मात्र नियम, कानून या अर्थाचा आपला 'कायदा' या काइदशी जोडू नये. कायद्याचा धातू 'बसणे, पाया असणे' या अर्थाचा आहे, काइदचा धातू 'पुढे राहून नेणे' या अर्थाचा आहे, आणि दोन्ही कानाला सारखे वाटले तरी मुळात वेगळे आहेत.

ही जोडी माझ्या लक्षात कायमची राहण्याचे कारण एका हरलेल्या डावात आहे. सुरुवातीच्या काळात एका स्पर्धेत डाव संपत आला होता, टाइल्सची पिशवी रिकामी झाली होती आणि माझ्या रॅकवर, म्हणजे हातातल्या टाइल्स मांडायच्या पट्टीवर, क्यू, ए, आय, डी आणि दोन एन एवढीच अक्षरे होती. चारही यू बोर्डावर पडून गेले होते, म्हणून क्यू आता जाणार नाही असे धरून मी बाकीची अक्षरे कशीबशी लावत बसलो. बोर्डाच्या डाव्या कडेला हा शब्द बसेल एवढी जागा मोकळी होती, आणि रॅकवर काझीसाहेब उलटसुलट क्रमाने समोरच बसलेले होते. काझी हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता, पण त्याचे इंग्रजी लेखन मी कधी डोळ्यांखालून घातले नव्हते. प्रतिस्पर्ध्याने टाइल्स संपवल्या, आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे माझ्या उरलेल्या अक्षरांच्या दुप्पट गुण त्यांना मिळाले. एकट्या क्यूचे १० गुण असल्याने तेवढ्यानेच २० गुणांचा फरक पडला. त्या दिवसापासून मी अक्षरांच्या याद्या नुसत्या पाठ करणे थांबवले.

मराठी वाचकाजवळ या बाबतीत मोठे भांडवल आहे आणि ते वापरले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. फारसी-अरबीतून आलेले शेकडो शब्द आपण रोज बोलतो, म्हणजे या यादीतल्या शब्दांचे नातेवाईक आपल्याच घरात वावरत असतात. क्यू-आय-बी-एल-ए म्हणजे किब्ला, नमाज पढताना ज्या दिशेला तोंड करायचे ती मक्केची दिशा. 'समोर असणे, सामोरे जाणे' या ज्या धातूवरून तो आला, त्याच धातूवरून आपले 'कबूल' आणि 'मुकाबला' आले. एम-यू-क्यू-ए-डी-डी-ए-एम हा आठ अक्षरी शब्द पाहून परदेशी खेळाडू दचकतो, पण तो आपला मुकादम आहे, आणि पाऊल या अर्थाचा 'कदम' त्याच धातूचा आहे. जो पुढे पाऊल टाकतो तो मुकादम, एवढे लक्षात ठेवले की क्यूनंतर ए का येतो ते विसरत नाही, फक्त इंग्रजीत डी दोनदा आहे हे ध्यानात ठेवायचे. डब्ल्यू-ए-क्यू-एफ म्हणजे वक्फ, धर्मादाय कामासाठी कायमची बांधून ठेवलेली मालमत्ता. 'थांबवणे, रोखून धरणे' हा त्याचा धातू आहे आणि जुन्या कागदपत्रांत स्थगित या अर्थाने येणारा 'मौकूफ' त्याचाच भाऊ आहे. आय-एन-क्यू-आय-एल-ए-बी म्हणजे इन्किलाब, क्रांती, मुळात 'उलथून टाकणे'. सात अक्षरांचा हा शब्द एका खेपेत लावला तर ५० गुणांचे बक्षीस वेगळे मिळते.

याच कुळातले काही शब्द अर्थ सांगण्याचीही गरज नसलेले आहेत. एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर, टी-ए-एल-ए-क्यू म्हणजे तलाक, बी-यू-आर-क्यू-ए म्हणजे बुरखा, आणि एन-आय-क्यू-ए-बी म्हणजे डोळे सोडून चेहरा झाकणारा नकाब. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल म्हणजे कव्वाल, त्याला आय जोडला की कव्वाली. एफ-आय-क्यू-एच, अर्थात फिक्ह, म्हणजे इस्लामी विधिशास्त्र, धातूचा अर्थ 'खोलवर समजून घेणे'. क्यू-ए-एल-ए-एम-डी-ए-एन म्हणजे कलमदान.

ओळखीचा चेहरा दिसला की तोच माणूस असेल असे मात्र मानू नये. तीन शब्दांनी मराठी खेळाडूंना फसवलेले मी पाहिले आहे. क्यू-ए-एन-यू-एन हा शब्द 'कानून' असाच उच्चारला जातो, परंतु यादीत त्याचा अर्थ कायदा नाही, ते समलंब आकाराचे, मांडीवर ठेवून नखीने छेडायचे तंतुवाद्य आहे. क्यू-ए-एस-आय-डी-ए म्हणजे कसीदा, अरबी-फारसी परंपरेतले स्तुतिपर दीर्घकाव्य. कापडावरच्या भरतकामाला आपण म्हणतो तो कशिदा 'ओढणे' या फारसी क्रियापदावरून आला आहे आणि त्याचा 'क' साधा आहे. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे तंबूची कनात नव्हे. हा शब्द ज्या गोष्टीचा आहे, ती मात्र मनात चित्र उभे करून लक्षात ठेवण्याजोगी आहे.

डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली जेथे पाण्याचा साठा असतो, तेथपर्यंत एक उभी विहीर खणतात. तेथून दूरच्या गावाकडे जमिनीखालून एक बोगदा काढतात, त्याला इतका मंद उतार देतात की पाणी वाहते, पण वेगाने वाहून माती कापत नाही. बोगदा खणताना माती वर काढण्यासाठी आणि हवा येण्यासाठी ठरावीक अंतरावर उभे खड्डे ठेवतात, त्यामुळे वरून पाहिले की वाळवंटात मुंग्यांच्या वारुळांसारखी मातीच्या कड्यांची एक लांबच लांब ओळ दिसते. पंप नाही, ऊर्जा नाही, उन्हात बाष्पीभवन नाही, केवळ उतारावर पाणी मैलोगणती चालत राहते. इराणमधील अशा ११ कनातांना २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. या शब्दाच्या मुळाशी बोरू, म्हणजे पोकळ वेत, हा अर्थ आहे आणि त्याच मुळापासून ग्रीक-लॅटिनमार्गे इंग्रजीतला कालवा या अर्थाचा 'कॅनल' आला असे व्युत्पत्तिकार मानतात. वर सांगितलेल्या कानून या वाद्याचे नावही ग्रीक 'कानोन' या, सरळ काठी किंवा मोजपट्टी अशा अर्थाच्या शब्दावरून आले असून बहुतेकांच्या मते तोही शेवटी त्याच बोरूपाशी पोहोचतो. एक बोरू पाण्याची वाट झाला, दुसरा नियमाची पट्टी झाला आणि पुढे तिचेच वाद्य झाले. हे एकदा मनात बसले की पाच अक्षरांचे हे दोन शब्द विसरणे अवघड आहे.

हिब्रूतून आलेला महत्त्वाचा शब्द एकच, क्यू-ओ-पी-एच. हिब्रू वर्णमालेतल्या एकोणिसाव्या अक्षराचे हे नाव आहे, आणि ते अक्षर ज्या फिनिशियन अक्षराचे वंशज आहे, रोमन क्यूही त्याचाच वंशज आहे. क्यूच्या घराण्याचेच हे नाव असल्याने त्यात क्यू असणे किती स्वाभाविक आहे हे सांगावे लागत नाही. के-ओ-पी-एच हे लेखनही चालते.

चिनी शब्दांची गोष्ट वेगळी आहे. तेथे क्यूचा घशातल्या 'क'शी काहीच संबंध नाही. चीनने १९५८ साली मँडरिन भाषा रोमन लिपीत लिहिण्याची पिनयिन ही पद्धत स्वीकारली, आणि तीत जीभ टाळूला लावून श्वास सोडत उच्चारलेल्या 'छ'सारख्या ध्वनीला क्यू हे अक्षर दिले. क्यू-आय म्हणजे शरीरात आणि सृष्टीत संचार करणारी जीवनशक्ती, आपल्या 'प्राण' या कल्पनेच्या जवळची. पिनयिनच्या आधीच्या पद्धतीने लिहिलेला सी-एच-आय हाही तोच शब्द आहे आणि जपानी वळणाचा के-आय हाही तोच. एकाच कल्पनेची तीन लेखने यादीत आहेत, आणि तिन्ही खेळाडूच्या कामाची आहेत. क्यू-आय-एन म्हणजे सात तारांचे प्राचीन चिनी वाद्य, १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत त्याचे वादन आहे. क्यू-आय-जी-ओ-एन-जी म्हणजे श्वास आणि हालचाल यांची सांगड घालणारी व्यायामपद्धती, अर्थात पहिल्याच शब्दाचा विस्तार.

क्यू-आय या दोन अक्षरी शब्दाने खेळाचे गणितच बदलले. उत्तर अमेरिकेतील यादीत तो २००६ साली आला आणि तेव्हापासून तिकडचे जुने खेळाडूही क्यूकडे संकट म्हणून पाहीनासे झाले. १०० टाइल्समध्ये यू फक्त चार असतात, आय मात्र नऊ, म्हणजे क्यू खपवण्याची संधी दुपटीहून अधिक वाढली. समजा, अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या एका मोकळ्या घराच्या लगेच खाली बोर्डावर आधीच आय पडलेला आहे. त्या घरात क्यू ठेवला आणि उजवीकडे आपल्याजवळचा आय लावला, तर आडवा क्यू-आय होतो आणि उभाही होतो. क्यूचे ३० आणि आयचा एक, असे ३१ गुण दोन्ही दिशांनी, म्हणजे दोन टाइल्समध्ये ६२. सात अक्षरी शब्द लावूनही कधी कधी एवढे मिळत नाहीत.

उरलेले शब्द झटपट सांगतो. क्यू-आय-एन-डी-ए-आर म्हणजे अल्बानियातले नाणे, तिथल्या 'लेक' या चलनाचा शंभरावा भाग. क्यू-ए-पी-आय-के म्हणजे अझरबैजानच्या 'मनात' या चलनाचा शंभरावा भाग, रशियन कोपेकचा हा भाऊ. यू-एम-आय-ए-क्यू ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची कातडी मढवलेली मोठी उघडी होडी. तिचे दुसरे लेखन के-अंती आहे, आणि येथेही आपली खूणगाठ लागू पडते, कारण इन्युइट भाषेत अरबीसारखाच खोल 'क' आहे, खलाशांनी तो के केला आणि भाषातज्ज्ञांनी क्यू. टी-आर-ए-एन-क्यू हे मन शांत करणाऱ्या औषधाच्या लांब इंग्रजी नावाचे तुकडे पाडून केलेले लघुरूप आहे, त्यात यू होता, तो कापला गेला. क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय म्हणजे टंकयंत्राच्या वरच्या ओळीतली पहिली सहा अक्षरे. टंकयंत्राचे एक जनक शोल्स यांच्या यंत्राचे उत्पादन रेमिंग्टनने १८७० च्या दशकात सुरू केले तेव्हापासून ही मांडणी रुळली.

अर्थाचा खेळात प्रत्यक्ष उपयोग काय, या प्रश्नाचे माझे उत्तर एस या अक्षरात आहे. वर दिलेले शब्द नामे आहेत हे ठाऊक असले की त्यांना अनेकवचनाचा एस निःशंक लावता येतो. काझी दोन असू शकतात, कनात दोन असू शकतात, आणि दोन अक्षरी क्यू-आयलाही एस लागतो. विशेषनामे मात्र चालत नाहीत. इराक आणि कतार या देशांची नावे क्यूने लिहितात म्हणून कित्येक नवखे खेळाडू ती लावतात आणि आव्हान दिले की खेळी गमावतात. तसेच, खोल 'क' असलेला प्रत्येक शब्द क्यूने मान्य असेल असेही समजू नये. नशीब या अर्थाचा 'किस्मत' तुर्कीमार्गे तोंडातोंडी आला, म्हणून तो यादीत के-आय-एस-एम-ई-टी असा आहे.

अर्थाशिवायही हे सर्व जमते याचे एक थक्क करणारे उदाहरण जगापुढे आहे, आणि ते टाळून चालणार नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ साली फ्रेंच भाषेतील स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि २०२४ मध्ये स्पॅनिश भाषेतीलही. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु पान एकदा पाहून मनात छापून ठेवणारी ती स्मरणशक्ती अपवादात्मक आहे. तुमच्या-माझ्या मनाला अक्षरांच्या राशीपेक्षा गोष्ट लवकर धरून ठेवता येते.

हीच पद्धत दुसऱ्या एका गटाला कशी लागू होते ते दाखवतो, म्हणजे ती क्यूपुरती नाही हे पटेल. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर नसलेले, आणि वायसुद्धा नसलेले शब्द यादीत आहेत. त्यांतले दोन शब्द पाहा, ते वेल्श भाषेतून आले. त्या भाषेत डब्ल्यू हा स्वर आहे, त्याचा उच्चार 'उ' किंवा 'ऊ' होतो. सी-डब्ल्यू-एम हा शब्द 'कुम' असा वाचायचा, आणि त्याचा अर्थ हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेली, तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेली, वाटीसारखी दरी. एव्हरेस्टवर खुंबू हिमप्रपात चढून गेल्यावर जी मोठी बर्फाची दरी लागते, तिला जॉर्ज मॅलरी यांनी १९२१ साली 'वेस्टर्न कुम' हे नाव दिले, आणि गिर्यारोहणाची वर्णने वाचणाऱ्यांच्या कानांवर हा शब्द त्यामुळे कधी ना कधी पडलेला असतो. सी-आर-डब्ल्यू-टी-एच हा 'क्रूथ' असा वाचायचा, ते गजाने वाजवायचे जुने वेल्श तंतुवाद्य आहे. डब्ल्यूच्या जागी मनातल्या मनात ऊकार दिला की दोन्ही शब्द अगदी साधे होतात. या गटातले बाकीचे बहुतेक शब्द उद्गार आहेत: एच-एम, एस-एच, बी-आर-आर, पी-एस-टी. त्यांपैकी टी-एस-के, म्हणजे नापसंतीने जिभेने केलेला 'च् च्' असा आवाज, हा क्रियापद म्हणूनही चालतो, त्यामुळे त्याला एस आणि ई-डी दोन्ही लागतात. बी-आर-आरला एस लागत नाही, कारण थंडीने कुडकुडण्याचा तो नुसता उद्गार आहे.

सरावासाठी एवढेच सुचवतो. यादी अकारविल्हे पाठ करू नका. वाटेनुसार चिठ्ठ्या करा: अरबीतून आलेले शब्द एकीकडे, चिनी दुसरीकडे, नाणी तिसरीकडे. रोज तीन शब्द घ्या, प्रत्येकाच्या टाइल्स रॅकवर विस्कटून ठेवा, आणि अर्थ मनात आणून त्या जुळवा. काझी आणि काइद एकाच दिवशी, शेजारी शेजारी शिका, वेगवेगळ्या दिवशी शिकलात तर पुन्हा गोंधळ होईल. डावात क्यू हाती आला की आधी बोर्डावर आय कोठे मोकळा आहे ते पाहा, मग रॅकवर ए आहे का ते पाहा, आणि यूचा शोध त्यानंतर करा. पिशवीत सातपेक्षा कमी टाइल्स उरल्या की स्पर्धेच्या सर्वसाधारण नियमांनुसार अक्षरे बदलून घेता येत नाहीत, म्हणून क्यू अडकून पडतो आहे असे वाटले तर तो परत करण्याचा निर्णय त्याआधीच्या खेळीत घ्यावा लागतो.